सुकेळी आणि तिसरं मॅगझिन

रविवारी देवळातली मिस्सा आटोपली की आमच्या अंगणात दुसरी मिस्सा सुरू व्हायची, आणि तिचे फादर आमचे हे. माझ्या जुन्या परकराचं फडकं ओट्यावर अंथरायचं, त्यावर पिस्तुलाची तीन मॅगझिनं ओळीनं मांडायची, आणि मग घरात आग लागली तरी यांना हाक मारायची नाही. लग्नात माझ्या बोटात अंगठी घालताना यांनी जेवढी काळजी घेतली नव्हती तेवढी त्या लोखंडाच्या डब्यांची घ्यायचे. मी तोंडावर सांगितलंय तसं.

हे म्हणजे फर्डिनंड. किनाऱ्यावर चोरून उतरणारा माल पकडायच्या सरकारी नोकरीत. कमरेला पिस्तूल, पिस्तुलात गोळ्यांनी भरलेलं एक मॅगझिन आणि अंगावर दोन जादा, एक पट्ट्याच्या पाकिटात, दुसरं पँटच्या खिशात. मॅगझिनच्या पोटात स्प्रिंग असते, ती एकेक गोळी वर ढकलते. ढकलली नाही तर पिस्तूल आणि लाटणं यांत काही फरक नाही, असं हे म्हणायचे. मी म्हणायचे, फरक आहे, लाटणं चालतं तरी.

एवढी स्वच्छता यांच्या अंगात मुळातली नव्हती. सत्त्याहत्तर साली चिंचोटीच्या डोंगराखाली यांची नेमबाजीची वार्षिक परीक्षा झाली, तिथं सगळ्यांसमोर यांचं तिसरं मॅगझिन अडकलं. यांचे वरिष्ठ बिडवई साहेब, त्यांनी ते उघडलं. आत रेती, खिशातली दोऱ्यांची भुसकटं आणि तपकिरी चिकट असं काहीतरी. साहेबांनी बोटाला लावून वास घेतला. सुकेळी होती.

वसईबाहेरच्या माणसाला सांगायला हवं, राजेळी केळी सोलून उन्हात वाळवली की त्यांची सुकेळी होते. गोड एवढी की बोटं एकमेकांना चिकटतात. आमच्या आय, म्हणजे माझ्या सासूबाई सालोमी, वाडीतल्या केळ्यांची दरवर्षी सुकेळी करायच्या आणि मुलगा मोठ्या कामाला निघाला की त्याच्या खिशात एक सरकवायच्या. शाळेच्या पहिल्या दिवशी दिली, नोकरीच्या पहिल्या दिवशी दिली, आमच्या लग्नाच्या दिवशी कोटाच्या खिशात दिली. घरचा माणूस बाहेर भुकेला राहिला तर अख्खं गास गाव आपल्याला नावं ठेवील, अशी त्यांची खात्री होती.

बिडवई साहेब यांना म्हणाले, "पुढच्या वर्षी असं झालं तर तुम्हाला नागपूरला पाठवीन. तिकडे समुद्र नाही. गोदामात बसून पोत्यांची सिलं तपासा."

नागपूर म्हटल्यावर माझं डोकंच फिरलं. मी नवऱ्यांचे गाऊन शिवते, म्हणजे नवऱ्या मुलींचे. आजूबाजूच्या चार गावांत मुलीचं लग्न ठरलं की आधी फादरांकडे जातात आणि मग माझ्याकडे. माझं मशीन, माझी गिऱ्हाइकं, वाडी, विहीर, हे सगळं सोडून मी त्या भट्टीत काय करणार होते? आणि आय तर शेजारच्या गावात दोन दिवस राहिल्या तरी तिथलं पाणी बाधलं म्हणून परत यायच्या.

मग यांच्या रविवारच्या मिस्सा सुरू झाल्या. तळाची पट्टी सरकवायची, स्प्रिंग बाहेर काढायची, आतून ब्रश फिरवायचा, कोरड्या फडक्यानं पुसायचं. खाऱ्या हवेनं स्प्रिंग गंजू नये म्हणून तिला तेलाचं बोट लावायचं आणि तेही पुसून टाकायचं. मी माझं मशीनचं तेल पुढं केलं तर केवढे ओरडले. तेल आत राहिलं की धूळ धरतं आणि त्याचा चिखल होतो म्हणे. माझं नेलपॉलिश मात्र न विचारता घेतलं आणि मॅगझिनांवर एक, दोन, तीन ठिपके काढले, कोणतं अडतंय ते कळावं म्हणून. आमच्या घरात नखं रंगलेली ती तिघंच होती.

मीही गप्प बसले नाही. यांच्या खाकी पँटीला उजवीकडे एक अरुंद खिसा शिवला, तिसऱ्या मॅगझिनच्या मापाचा. कापडाच्या कडा बाहेरच्या बाजूला घेतल्या, म्हणजे आत भुसकट पडायला नको. वर झाकण, झाकणाला बटण. आणि आयना बजावलं, या खिशात काही घालायचं नाही. साहेबांचं काय ते सांगितलं, नागपूरचंही सांगितलं. आय म्हणाल्या, "मग त्यानं खावं काय?"

परीक्षेच्या दिवशी सकाळी डांबरी रस्त्यावर जीप येऊन थांबली. मी दारातून बघतेय, हे फाटकाशी पोचले, आणि विहिरीमागून आय वाऱ्यासारख्या आल्या. हात यांच्या खिशात गेला आणि बाहेर आला. यांनी "आय, राहू दे गं" म्हणेपर्यंत जीपवाल्यानं हॉर्न दिला आणि हे गेले.

मी धावत फाटकाशी. "आय, कोणत्या खिशात घातलीत? उजव्या की डाव्या?"

"खिसा तो खिसा," आय म्हणाल्या आणि केळीला पाणी सोडायला गेल्या.

तो दिवस कसा काढला माझं मला माहीत. एका गाऊनला दोन्ही बाह्या डाव्याच शिवल्या. एक उसवली आणि पुन्हा डावीच शिवली. मनात नागपूरची भांडी भरत होते, कोणती न्यायची, कोणती नणंदेला द्यायची. आयशी मी शब्द बोलले नाही. रागानं नव्हे, बोलले असते तर रडले असते.

ऊन उतरल्यावर हे आले. तोंड बघून काही कळेना. ओट्यावर बसले आणि म्हणाले, "तिन्ही चालली. एकही गोळी अडली नाही."

"मग असे का बसलात?"

मग सांगितलं. साहेबांनी तिन्ही मॅगझिनं सगळ्यांसमोर उघडली, पांढरा रुमाल आत फिरवला, रुमाल पांढराच राहिला. साहेब खूश. म्हणाले, नागपूरला नव्या पोरांचं शिक्षण सुरू होतंय, तिथं शिकवायला असाच माणूस हवा, तुमचं नाव आजच कळवतो.

मी म्हटलं, म्हणजे नापास झालात तर नागपूर आणि पहिले आलात तरी नागपूर.

"ऐक तर खरी. साहेबांना तू शिवलेला खिसा फार आवडला. झाकण उघडून बघितलं, बटण बघितलं. मग म्हणाले, दुसराही असाच आहे का? आणि स्वतःच डाव्या खिशात हात घातला."

"डाव्या?"

"डाव्या. केळीच्या पानात बांधलेली होती, पण उन्हानं पान सुटलं होतं. साहेबांची बोटं चिकटली. सगळे बघतायत. साहेब माझ्याकडे बघतायत. म्हणाले, फर्डिनंड, पुन्हा? मी म्हटलं, साहेब, आय देते. मग बराच वेळ बोटं पुसत उभे राहिले, त्याच पांढऱ्या रुमालाला. शेवटी म्हणाले, पास केलंय तुम्हाला, इथंच राहा. नागपूरच्या पोरांना हे शिकवायला नको."

मी इतकी हसले की शेजारची फ्लॉसी कुंपणावरून डोकावली. हसता हसता रडू आलं, खोटं कशाला बोलू.

चुलीपुढे आय तांदूळ निवडत होत्या. सकाळपासून मी त्यांच्याशी बोलले नव्हते. मी जाऊन जवळ बसले, अगदी गुडघ्याला गुडघा लावून. त्यांनी वरही बघितलं नाही. "खाल्ली का त्यानं?"

"नाही आय. साहेबांनी काढून घेतली."

आयचे हात थांबले. "उपाशी होता वाटतं बिचारा. पुढच्या वेळी दोन देईन."

पुढच्या वर्षी परीक्षेच्या सकाळी आय विहिरीमागून आल्या तेव्हा मी आधीच फाटकाशी उभी होते. सुकेळी मी घातली. दोन. डाव्या खिशात, नीट बघून.