माडेगडचं भुयार

दुसऱ्या महायुद्धातल्या चार वर्षांत माडेगडच्या किल्ल्यातून एकही कैदी पळाला नाही. चौकीदार इस्तारी हे छातीवरच्या पितळी बिल्ल्याला हात लावून सांगायचा, आणि ते खरंच होतं. किल्ल्यात ठेवलेले अकरा इटालियन अफसर सकाळी दरवाजातून बाहेर पडत, तलावात पोहत, बाजाराच्या दिवशी बाजार करत आणि भाताच्या वेळेला परत येत. दरवाजाला कुलूप नव्हतं. बाहेर वाघ होते.

१९५४ साली नागपूरहून कागद आला. बिनमहत्त्वाच्या किल्ल्यांवरचे चौकीदार कमी करायचं ठरलं होतं. मात्र कॅप्टन बोर्कारी नावाच्या माजी कैद्यानं पुस्तकात लिहिलं होतं, की आपण माडेगडहून चाळीस हात भुयार खणून निसटलो. तसं भुयार सापडल्यास किल्ला महत्त्वाचा ठरेल आणि चौकीदार राहील. पाहणीला साहेब गुरुवारी येणार होते, सोबत खुद्द कॅप्टन. गावानं त्याचं कधीच 'बोरकर' करून टाकलं होतं.

"भुयार हाये का?" इस्तारीच्या बायकोनं, गोकुळानं, विचारलं.

"नाई."

"मंग बोरकर साहेब पळाला कसा?"

"पळते कुठी! तुह्यापाशी वांग्याची भाजी शिकून राह्यला होता."

"मंग खना," गोकुळा म्हणाली. "नोकरी जाऊन राह्यली, अन् इथी बसून बिल्ला घासता!"

ज्यानं जन्मात एक कैदी पळू दिला नाही, तो कैदी पळाल्याचा पुरावा खणायला लागला. मदतीला तलावातला गाळ काढणारा पत्रू ढिवर आणि त्याचे चार गडी. कैदी आतून बाहेर खणतो. पण बाहेर मोहाची सावली होती, म्हणून यांनी बाहेरून आत खणलं. दिशा चुकली. पत्रूचं डोकं गोकुळाच्या चुलीशेजारी वर आलं.

"पत्रूभाऊ, आता आलेच तं भात मांडू का डोक्यावर?"

दुसऱ्या खेपेला कॅप्टनची जुनी कोठडी सापडली. भुयार जुनं दिसावं म्हणून आत दोन वटवाघळं सोडली. ती तडक निघून गेली. माडेगडहून पळालेली ती पहिलीच.

गुरुवारी साहेबांनी टेप लावून भुयार मोजलं आणि कॅप्टनला आदरानं आत शिरायला सांगितलं. कॅप्टन आता दुप्पट झाला होता. तो निम्म्यात अडकला. त्याला ओढायला इस्तारी पलीकडून शिरला. अंधारात नाकाला नाक लागलं.

"इस्तारी," कॅप्टन अस्सल झाडीबोलीत कुजबुजला, "हे कोनं खनलं बे?"

"तुमी, साहेब."

"म्या? काऊन?"

"पळून जायले."

कॅप्टनला हसू फुटलं. पोट गदगदलं, माती सुटली, आणि तो पिकल्या आंब्याच्या कोयीसारखा सुळकन बाहेर आला. साहेबांनी वहीत लिहिलं, 'कैद्यास निसटताना समक्ष पाहिले.'

दोन महिन्यांनी हुकूम आला. किल्ला महत्त्वाचा ठरला होता आणि चौकीदाराची जागा कायम झाली होती. तिला सातवी पासची अट होती.

इस्तारी तिसरी शिकला होता.