गल्लीबद्दल काय वाटतं?

चर्रर्र.

दुपारच्या सुन्न शांततेत तो आवाज भिंतीपलीकडून आला आणि ईश्वरीची सुरी अर्ध्या कांद्यात थांबली. क्षणभरानं पुन्हा, चर्रर्र. खोक्यावर चिकटपट्टी ओढल्याचा आवाज. आखातात संसार केलेल्या बाईला तो झोपेतही ओळखू येतो. पण हा तर मार्च. शाळा चालू, सुट्ट्यांना अजून अवकाश, आणि जॅनेट खोकी भरतेय?

तिनं नेहमीसारखा भिंतीवर झारा वाजवला. दोनदा. म्हणजे, 'चहा टाकते, ये.' पलीकडून उत्तर आलं नाही. चिकटपट्टी मात्र थांबली.

ती भिंत मुळात भिंत नव्हतीच. कतारच्या अल रय्यानमधल्या त्या जुन्या व्हिलाचे मालकानं जिप्समचे बोर्ड उभे करून पाच पोर्शन पाडले होते. मूळचा ऐसपैस दिवाणखाना कापून त्यातून दोन स्वयंपाकघरं निघाली, एक ईश्वरीचं आणि एक जॅनेटचं. पुढच्या पोर्शनमध्ये नाशिकचे ईश्वरी-मिहीर आणि त्यांची सहा वर्षांची ईरा. मागच्यात वसईचे जॅनेट-पॅट्रिक, दहावीतला क्लेटन आणि ईराच्याच वर्गातली ॲना. पलीकडे फोडणी पडली की अलीकडे शिंक यायची. क्लेटनला ओरडा बसला की इकडे ईरा मुकाट्यानं आपलं पुस्तक उघडायची.

आणि गल्लीच्या टोकाला नवं स्टेडियम. वर्ल्ड कप त्या वर्षीच्या नोव्हेंबरात, पण दोघी बायकांना त्याचं वेड आधीपासूनच लागलेलं. वसईत प्रत्येक चर्चची आपली टीम असते, आणि जॅनेटचे तिन्ही भाऊ खेळणारे. ईश्वरी कॉलेजात गोलकीपर होती. मुलगी झाल्यावर तिच्या वाट्याला स्वतःचा असा वेळ उरला तो ईरा शाळेत असतानाचा, नाहीतर दूध उतू जाण्याची वाट बघतानाचा. त्या चोरलेल्या वेळात तिनं व्हॉट्सॲपवर कतारमधल्या फुटबॉलवेड्या मराठी माणसांचा एक ग्रुप काढला. डिसेंबरात अरब कपचे सामने झाले तेव्हा तर ग्रुपला नुसता ऊत आला. कुणी टाइप करायच्या भानगडीत पडायचं नाही, सगळे व्हॉइस नोट पाठवायचे. ईश्वरी त्या ऐकून, चांगल्या चांगल्या निवडून शुक्रवारी सगळ्यांसाठी एकत्र टाकायची.

मिहीरला फुटबॉलमध्ये काडीचा रस नव्हता. एका कन्सल्टन्सीत तो इमारतींचे सर्व्हे करायचा, आणि घरी आला की सोफ्यावर आडवा. पण जानेवारीत एका संध्याकाळी तो तिच्याजवळ येऊन बसला.

"काय गं, काय म्हणतात तुझे लोक?"

"कुठले लोक?"

"अगं, तुझे फुटबॉलवाले. मला फॉरवर्ड करत जा ना. गाडीत ऐकतो."

ईश्वरीनं आधी त्याच्या कपाळाला हात लावून ताप बिप नाही ना ते पाहिलं. मग हसली. सात वर्षांत तो पहिल्यांदा तिच्या जगात डोकावत होता. दुसऱ्या आठवड्यात त्यानं सुचवलंही. "स्टेडियम छान आहे, छान आहे, किती वेळा ऐकायचं? आजूबाजूचं विचार की. गल्लीबद्दल काय वाटतं? इथे राहायला मिळालं तर आवडेल का? मजा येईल."

आणि खरंच मजा आली. नाशिकहून लेकाकडे आलेले पोपटराव म्हणाले, "सूनबाई, स्टेडियम म्हणजे राजवाडा! पण बाहेर आलो तर बसून चार शिव्या द्यायला एक कट्टा नाही. हरल्यावर माणसानं जावं कुठं?" लांबच्या दुखानहून गाडी हाणत येणारा नंदू म्हणाला, "पार्किंगपासून गेटपर्यंत इतकं चाललो, की मला वाटलं दुखान मागेच बरं होतं. त्यापेक्षा तुमच्या गल्लीतली एखादी खोली द्या, पायजम्यावर मॅच बघायला येतो." मालविकाची तक्रार अशी, की खुर्च्यांखालून इतका गार वारा सोडतात की साडीचा फुगा होतो. "पण गल्ली मला आवडली हं. बकाल्याच्या दुकानासमोर उभं राहून करक चहा प्यायला, तेव्हा आपल्याकडच्यासारखं वाटलं." इंडस्ट्रियल एरियातून आलेल्या एका वेल्डरनं मात्र सरळ सांगितलं होतं, "ताई, कंपनीच्या बसनं गेटवर उतरवलं, मॅच झाल्यावर गेटवरच चढवलं. गल्ली आम्ही काचेतून बघितली. कपडे वाळत होते. घरची आठवण आली."

सगळ्यांत हिट झाली ती जॅनेटची नोट. ती ईश्वरीच्याच ओट्याशी उभी राहून बोलली होती, हातात कप, आवाजात हसू. "माझ्या बेडरूममधून स्टेडियमचे दिवे दिसतात गो! वर्ल्ड कपला फॅन लोकांना माझा पलंग भाड्यानं देते आणि राणी होते. आमचं काय? आम्ही गल्फची माणसं, आमच्या बॅगा कायम भरलेल्याच. उठ म्हटलं की उठलो, यल्ला!" आणि मग ते तिचं हसणं, लांबलचक, शेवटी खोकल्यात जाणारं. ईश्वरीनं ती ग्रुपवर टाकली आणि मिहीरलाही पाठवली. संध्याकाळी तो आला तेव्हा म्हणाला, "जॅनेटची एक नंबर होती. दोनदा ऐकली." तिला इतकं बरं वाटलं, की त्या रात्री तिनं त्याच्या आवडीची मसूरची आमटी केली.

आता तिनं कांदा तसाच टाकला, ओढणी घेतली आणि वळसा घालून मागच्या दाराशी गेली. दार उघडंच होतं. आत जमिनीवर खोकी. जॅनेट गुडघ्यांवर बसून मुलांचे स्वेटर भरत होती. वसईला नेण्याचे स्वेटर, जे तिथे कधी लागत नाहीत.

"जॅनेट? अगं, हे काय?"

जॅनेटनं वर पाहिलं नाही. "ये. बस. खुर्ची रिकामी नाही, खोक्यावर बस."

"कुठे चाललात?"

"मी आणि पोरं, वसईला. पॅट्रिक त्याच्या हॉस्पिटलातल्या लोकांबरोबर बेडस्पेसमध्ये राहील, खोलीतला एक पलंग भाड्यानं घेऊन. सगळा पोर्शन रिकामा करायचाय. मालकाला पाचही तोडून पुन्हा एक व्हिला करायचाय. फॅन लोकांसाठी." तिनं चिकटपट्टी दातानं तोडली. "आसपास बघितलं. वर्ल्ड कपच्या नावानं सगळ्यांनी भाडी अशी चढवलीत, की आमच्यासारख्यांनी विचारूही नये. क्लेटनची दहावी आहे. इथली शाळा मध्येच सोडून तिथे कोण घेतंय त्याला, जीझस जाणे."

"पण असं कसं? नसरुद्दीन काही बोलला नाही आम्हाला." नसरुद्दीन म्हणजे मालकाचा माणूस, भाडं घ्यायला आणि नळ दुरुस्त करायला येणारा हैदराबादी.

"तुम्हाला कशाला बोलेल?" आता जॅनेटनं मान वर केली. डोळे कोरडे होते, आणि त्यानं ईश्वरीला जास्त भीती वाटली. "काल आला होता. मी भांडले त्याच्याशी. म्हटलं, आम्ही नाही उठणार, पोराची परीक्षा होऊ दे. तर तो म्हणतो, 'मॅडम, आप ही तो बोले थे, उठने को तैयार हैं.' मी म्हटलं, कधी? त्यानं मोबाइल काढला आणि मला ऐकवलं. माझाच आवाज. माझंच हसणं. 'उठ म्हटलं की उठलो.' मीटिंगमध्ये मालकाला लावून दाखवलं म्हणे. भाडेकरूंची मतं. वर इंग्लिशमध्ये अर्थ सांगून."

ईश्वरी बसल्या खोक्यावरून उठली.

"ती नोट मी तुझ्या ओट्याशी बोलले होते, ईशू. तू दिलीस त्यांना?"

"मी नाही गं..."

"मग कुणी? भिंतीनं?"

"ग्रुपवर टाकली होती. ग्रुपमधल्या कुणीतरी..."

बोलता बोलताच ती अडली. ग्रुपमध्ये नंदू होता, मालविका होती, पोपटराव होते. व्हिलाच्या मालकाशी त्यांचा काय संबंध? आणि ग्रुपबाहेर ती नोट तिनं एकालाच पाठवली होती. गाडीत ऐकणाऱ्याला. गल्लीबद्दल विचार, असं सुचवणाऱ्याला. इमारतींचे सर्व्हे करणाऱ्याला.

जॅनेटनं तिचा चेहरा वाचला. भिंतीपलीकडून सहा वर्षं ऐकत आलेली बाई ती. तिनं हळूच विचारलं, "मिहीर?"

जॅनेटनं एक स्वेटर उचलला, नीट घडी घातली, आणि म्हणाली, "जा तू. कांदा काळा पडेल."

आपण कांदा चिरत होतो हे जॅनेटला न बघताच माहीत होतं. ईश्वरीला रडू आलं ते या वाक्यानं.

मिहीर सहाला आला. मुली मागच्या अंगणात खेळत होत्या. त्याच्या हातात मिठाईचा खोका होता. "गुड न्यूज," तो म्हणाला. "प्रमोशन झालं. आणि कंपनीनं लुसैलला फ्लॅट दिलाय. पूल, जिम, ईराला प्ले एरिया. हा कोंबडीचा खुराडा खलास!"

"किती दिवसांपासून माहीत होतं तुला?"

"काय?"

"हा व्हिला रिकामा होणार ते."

त्यानं खोका टेबलावर ठेवला. "कोण बोललं? जॅनेट?"

"जॅनेट नाही बोलली. जॅनेटचा आवाज बोलला. तू बोलायला लावलास."

"हळू बोल. ऐकू जातंय पलीकडे."

"जाऊ दे की! तिचा आवाज तू मीटिंगमध्ये सगळ्यांना ऐकवलास. आता तुझा तिला ऐकू दे."

मिहीरनं दोन्ही हातांनी तिला खाली दाबल्यासारखी खूण केली. त्याचा आवाज समजुतीचा झाला, ऑफिसातला. "ईशू, मालकाचं आधीच ठरलेलं होतं. आमच्या कंपनीकडे फक्त रिपोर्टचं काम होतं, की फॅन्सना या एरियात राहायचंय का आणि इथल्या लोकांची हरकत आहे का. मी काही खोटं केलं नाही. लोक जे म्हणाले तेच लावलं. नंदू म्हणाला गल्लीतली खोली द्या. जॅनेट म्हणाली आम्ही उठतो. माझ्या तोंडचं एक वाक्य नाही त्यात."

"ती हसत होती, मिहीर."

"हो, पण म्हणाली ना?"

"ती हसत होती! तुला कळत होतं ती हसतेय. तू मला म्हणालास, एक नंबर होती. दोनदा ऐकली म्हणालास." तिनं मिठाईचा खोका बाजूला सारला. "मला वाटलं, तुला आवडली म्हणून."

त्यानं शर्टाचं वरचं बटण सोडलं. मग म्हणाला, "तुला सांगितलं असतं तर तू तिला सांगितलं असतंस."

"हो. सांगितलं असतं."

"मग? त्यांनी गोंधळ घातला असता आणि माझं प्रमोशन गेलं असतं. मी हे कुणासाठी करतोय? तुमच्यासाठीच ना?"

ईश्वरी ओट्याला टेकली. जानेवारीपासूनच्या संध्याकाळी तिच्या डोळ्यांसमोरून जाऊ लागल्या. तो जवळ येऊन बसायचा. 'आज काय नवीन?' विचारायचा. ती ईराचा अभ्यास बाजूला ठेवून त्याला ऐकवायची, आणि तो मान हलवत राहायचा. घरातल्या भांड्याकुंड्यांतून वर मान काढून ती स्वतःची एक गोष्ट कुणाला तरी दाखवत होती, आणि समोरचा माणूस त्यातून आपल्या कामाचं तेवढं उचलत होता. एकदा तर तिनं कॉलेजातल्या त्या पेनल्टीची हकिगतही सांगितली होती, गुडघा फुटला तरी तिनं अडवलेली ती. तो म्हणाला होता, 'वा!' त्या 'वा'चं आता काय करायचं, तिला कळेना.

"उद्या तू मालकाला सांग, की ती गंमत होती," ती म्हणाली. "क्लेटनच्या परीक्षेपर्यंत तरी थांबा म्हणावं."

"रिपोर्ट गेला, ईशू. आता मी तोंड उघडलं तर माझीच नोकरी..." त्यानं घड्याळ काढून टेबलावर ठेवलं. "वसईला घर आहे त्यांचं. उघड्यावर नाही पडत कुणी. जरा प्रॅक्टिकल हो."

पलीकडे काही तरी खाली ठेवल्याचा आवाज आला, आणि मग काहीच नाही. जॅनेट ऐकत होती. ईश्वरीला वाटलं, आत्ता हाक मारावी. पण हाक मारून म्हणणार काय? माझ्या नवऱ्यानं केलं, मी नाही? ज्या फोनवरून ती नोट गेली, तो फोन तिच्याच हातात होता.

मिहीर कपडे बदलायला आत गेला. जाता जाता म्हणाला, "शनिवारी फ्लॅट बघायला जाऊ. तिथून समुद्र दिसतो."

मागच्या दाराचा पडदा हलला आणि त्यामागे उभं राहून ऐकत असलेली ईरा आत आली. गुडघ्यांना वाळू, एका वेणीची रिबीन सुटलेली. तिनं टेबलावरचा खोका पाहिला, पण उघडला नाही. आईजवळ येऊन तिच्या कुर्त्याचं टोक धरून उभी राहिली.

"आई, ॲना इज गोइंग टू वसई. फॉर एव्हर."

"हो, राजा."

"पॅट्रिक अंकल नाही जाणार. ही विल स्टे हिअर. एकटा. ॲना इज क्रायिंग."

ईश्वरीनं खाली बसून तिच्या गुडघ्यावरची वाळू झाडली. हाताला काही तरी काम हवं होतं. मग ती सुटलेली रिबीन घेतली आणि वेणी बांधायला लागली. आतून कपाटाचं दार लागल्याचं ऐकू आलं.

"आणि आपण न्यू हाउसमध्ये जाणार? बाबा म्हणाला सकाळी, सीक्रेट आहे म्हणून."

ईश्वरीची बोटं वेणीतच थांबली. "सकाळी म्हणाला?"

"हं. स्विमिंग पूल आहे." ईरानं आतल्या खोलीकडे पाहिलं, मग आईकडे. कपाळावर बारीक आठी होती, गणित अडल्यावर पडते तशी. "आई, ॲनाचे पप्पा तर काहीच बॅड नाही केले. तरी ते तिच्याबरोबर नाही जाणार." ती थांबली. "मग आपला बाबा आपल्याबरोबर का येतोय?"