उभ्या मापाचा शर्ट

गोगीच्या बाबांच्या तोंडात सदानकदा टाचण्या असायच्या. शिंपीकाम म्हटल्यावर त्या असणारच. पण बाबांच्या ओठांत त्या अशा काही बसायच्या, की जणू जन्मतःच उगवल्या असाव्यात. गळ्यात टेप, कानावर पेन्सिल, ओठांत चार टाचण्या आणि समोर आरशापुढे ताठ उभं केलेलं गिऱ्हाईक. बाकी सगळा संवाद ‘हं’, ‘अंहं’ आणि ‘हात वर’ एवढ्यावर भागायचा.

त्यामुळे त्यांच्या गालाच्या आत एक जखम झाली आणि महिना उलटला तरी बरी होईना, तेव्हा बाबांनी परस्पर निकाल देऊन टाकला, “टाचणी लागली असेल.”

“महिनाभर?” काजं करता करता आईनं विचारलं.

“लांब टाचणी होती.”

“अहो, डॉक्टरला दाखवा ना.”

“गणवेशांची ऑर्डर संपली की बघू.”

आता गणवेशांची ऑर्डर म्हणजे काय, हे ज्याच्या घरी शिलाई मशीन आहे त्यालाच कळेल. ती कधीच संपत नाही. पोरं वाढत राहतात.

गोगीला मात्र चैन पडेना. शाळेत एक डॉक्टर बाई येऊन गेल्या होत्या. त्यांनी बजावून सांगितलं होतं, तोंडातली जखम दोन आठवड्यांत भरली नाही, तर थांबू नका, दाखवून घ्या. कर्करोग असलाच, तर लवकर सापडलेला बरा. वर्गातल्या बाकीच्यांनी टाळ्या वाजवल्या. गोगीला बाबांचा गाल आठवला. घरी येऊन तिनं बाबांना हे सगळं सांगितलं. म्हणजे सांगायचं ठरवलं, पडद्याआडून डोकावली, आणि “बाबा, ते तोंडाचं...” एवढंच बोलून परत पडद्याआड गेली.

तिचं मूळ नाव गोगलगाय. बाबांनीच ठेवलेलं. कुणी अनोळखी माणूस समोर आलं की ही आपली शंखात. मैत्रिणीच्या घरी फोन केला आणि मैत्रिणीच्या आजोबांनी उचलला, तर ती फोन ठेवून द्यायची. सायकल तिला आवडायची ती एवढ्यासाठीच, की सायकल चालवायला बोलावं लागत नाही. आणि चालवायची मात्र अशी, की खेळाच्या बाईंनी स्वतःची गियरची सायकल तिला सुट्टीभर देऊन टाकली.

त्या सायकलवर बसून गोगीला कल्पना सुचली. सुट्टीत एकटीनं आत्याकडे जायचं, पार समुद्राकाठच्या गावापर्यंत. अंगात एक शर्ट घालायचा, त्यावर मजकूर. आपण गप्प राहायचं, बोलायचं काम शर्टानं करायचं. आणि खरी गंमत पुढेच होती. तो शर्ट शिवणार बाबा! एकेक अक्षर स्वतःच्या हातानं कापताना त्यांच्या डोक्यात प्रकाश पडल्याशिवाय राहील?

आईला गंमत लगेच कळली. वाटेवरच्या प्रत्येक गावात बाबांचा कुणी ना कुणी शिंपी दोस्त होताच. रोज दिवस मावळायच्या आत त्याच्या घरी पोचायचं, पोचल्यावर फोन करायचा, या अटीवर तिनं होकार दिला.

बाबांनी पांढरा शर्ट बेतला. लाल कापडातून अक्षरं कापली: ‘तोंडातली जखम भरत नाही? वाट बघू नका, डॉक्टरांना दाखवा.’ एकेक अक्षर छातीवर टाचून, शिवून, इस्त्री मारून त्यांनी शर्ट लांब धरला, मान तिरकी करून पाहिलं, ओठांतल्या टाचण्या काढल्या आणि म्हणाले, “मजकूर चांगला आहे. लोकांना उपयोग होईल.”

आईनं कपाळावर हात मारून घेतला.

गोगी निघाली. पहिल्या दिवशी काय वारा, काय उतार! आजवर शंखात बसून आपण केवढं जग फुकट घालवलं, असं तिला वाटायला लागलं. दुपारी ती एका फळवालीपाशी थांबली. फळवालीनं तिच्या छातीकडे पाहिलं आणि चेहराच पाडला.

“अगंबाई, काय लागलं गं तोंडाला?”

“कुठे काय?”

“शर्टावर लिहून फिरतेस एवढं, म्हणजे बोलवतही नसेल बिचारीला. थांब, मऊसं केळं देते.”

गोगीनं खाली पाहिलं. बाबांनी माप घेतलं होतं नेहमीसारखं, आरशासमोर, ताठ उभं करून. सायकलवर वाकलं की शर्टाच्या पोटावर चुण्या पडायच्या आणि ‘तोंडातली जखम’ एवढे दोनच शब्द वर राहायचे. उरलेला सगळा मजकूर चुण्यांच्या पोटात!

मग काय विचारता! रस्ताभर नुसती सहानुभूती. एका ट्रकवाल्यानं खिडकीतून थंड दुधाची पिशवी दिली. पंक्चरवाल्यानं मलमाची डबी काढली. एक आजोबा तर तिच्यासमोर मोठ्यानं आणि सावकाश बोलू लागले, जणू तिला ऐकूही येत नव्हतं. पहिले दोन दिवस गोगी लाजून लाल झाली. पण केळी तरी किती खायची माणसानं? शेवटी तिनं सायकलवरून उतरून ताठ उभं राहून शर्ट ओढून धरला आणि म्हणाली, “जखम माझी नाहीये काका! पूर्ण वाचा ना! तुमच्या घरात कुणाची आहे का?”

आणि आश्चर्य म्हणजे, असायची. कुणाच्या सासऱ्यांची, कुणाच्या भावाची. “बघतो-बघतो म्हणतात,” लोक सांगायचे. “आमचे बाबाही तेच म्हणतात,” गोगी म्हणायची. बोलता बोलता तिला कळलं, की आपला आवाज रस्त्याच्या पलीकडे पोचण्याएवढा मोठा आहे. कुणी सांगितलंच नव्हतं!

इकडे बाबांना शिंपी दोस्तांचे फोन सुरू झाले. पहिल्यानं विचारलं, “मापाला टेप होती की दोरी?” दुसऱ्याचं म्हणणं पडलं, की डोळे तपासून घे. तिसऱ्या मुक्कामाचे कोटवाले काका म्हणजे तर बाबांचे जुने जोडीदार. दोघं एकाच उस्तादाकडे शिकले, आणि तेव्हापासून कोणाची शिलाई सरस यावर त्यांचं भांडण चालू होतं. काका फोनवर हसून हसून बेजार झाले.

“अरे, बसणाऱ्या गिऱ्हाइकाचं माप उभं करून घेतलंस? उद्या माझ्या दुकानात टांगतो हा शर्ट. खाली पाटी लावतो, असं शिवू नये.”

दुसऱ्या दिवशी सकाळी गोगी निघायच्या तयारीत होती, तर दुकानाच्या दारात बाबा! रात्रीची बस पकडून आले होते. हातात कात्री, खिशात लाल दोरा.

“काढ तो शर्ट.”

“गणवेशांची ऑर्डर टाकून आलात?”

“गणवेश थांबतील! हायवेभर माझी अब्रू चाललीय.”

“शर्टासाठी गणवेश थांबतात,” गोगी म्हणाली, “आणि जखमेसाठी थांबत नव्हते?”

कोटवाले काकांचं मशीन थांबलं. पडद्याआड पळणारी ती पोरगी दुकानाच्या मधोमध कमरेवर हात ठेवून उभी होती.

“आधी तोंड दाखवा, मग शर्ट मिळेल. नाहीतर समुद्रापर्यंत असाच घालून जाते. आणि कुणी शिवलाय विचारलं, की पत्त्यासकट सांगते.”

“ही धमकी आहे!”

“हो.”

“मास्तर,” काका डोळे पुसत म्हणाले, “दवाखाना कोपऱ्यावरच आहे. आणि पोरीनं तुला बरोबर मापात धरलंय.”

बाबा जवळ आले. मग हळूच, फक्त गोगीला ऐकू जाईल असं म्हणाले, “भीती वाटते गं. काही निघालं तर?”

गोगी रडायच्या बेतात होती. पण तिनं बाबांच्या हातातली कात्री काढून घेतली आणि त्यांचा हात धरला. “मलाही वाटते. म्हणून तर एवढी सायकल मारली. चला.”

डॉक्टरांनी बॅटरी लावून पाहिलं, बोटानं चाचपलं, जागा बधिर करून छोटासा तुकडा तपासायला घेतला. बाबांनी गोगीचा हात असा आवळला, की तिची बोटं पांढरी पडली. बाहेर आले तेव्हा गालात कापूस होता आणि बोलणं पुन्हा ‘हं’ आणि ‘अंहं’वर आलं होतं.

पण सौदा म्हणजे सौदा. काकांच्या दुकानाच्या मधोमध सायकल उभी केली, काकांनी मागून धरली. गोगी वर बसून हँडलवर वाकली आणि बाबांनी आयुष्यात पहिल्यांदा वाकलेल्या माणसाचं माप घेतलं. छातीवरची अक्षरं उसवून पाठीवर आणली. टाचण्या सवयीनं ओठांकडे निघाल्या, थबकल्या, आणि बाबांच्या स्वतःच्या बाहीत जाऊन बसल्या.

शर्ट फक्कड जमला. पाठीवरचा मजकूर मागून येणाऱ्याला लांबूनच वाचता यायचा, आणि तीच पंचाईत झाली. लोक वाचायचे, हात हलवायचे, पुढे जायचे. कुणी केळं देईना, कुणी काही विचारीना. गोगीला चुकल्या-चुकल्यासारखं झालं. तासभर तिनं कसंबसं सहन केलं. मग दिसेल तिथे स्वतःच ब्रेक दाबू लागली.

असेच चार-पाच दिवस गेले. आत्याचं गाव अगदी टप्प्यात आलं होतं. एका चहाच्या टपरीवर पाच-सहा ट्रकवाले बसले होते. तेवढ्यात आईचा फोन आला. आई इतक्या जोरात बोलत होती, की फोन कानापासून लांब धरावा लागला. तपासणीचा निकाल आला, कर्करोग नाही! पण जखम तशीच ठेवली असती, तर पुढे होऊ शकला असता. तेवढी जागा काढून टाकायची, आणि अधूनमधून दाखवत राहायचं.

“बाबा काय म्हणाले?”

“म्हणाले, गणवेश थांबतील.”

गोगीनं फोन खिशात टाकला. तिला नाचावंसं वाटत होतं, म्हणून ती थोडी नाचली. ट्रकवाले चहाचे ग्लास हातात तसेच धरून बघत राहिले. मग तिनं सायकल टपरीला टेकवली, त्यांच्यासमोर जाऊन कमरेवर हात ठेवले आणि रस्त्याच्या पलीकडे ऐकू जाईल अशा आवाजात विचारलं,

“काका, पहिलं तोंड कोण दाखवतंय?”