उजवीकडे फुगलेला मेंदू

मी म्हशीच्या एका पारडीचा मेंदू बोलतोय. दचकू नका, मी शाडूचा आहे. जन्म जोहे गावातला, पोपट मूर्तिकाराच्या कारखान्यातला. फळीवर माझ्या दोन्ही बाजूंना गणपती बसलेले. त्यांना मुकुट, शेला, दागिने आणि मला नुसत्या वळ्या. पोपटची बायको गिरजाबाई मला पाहून म्हणाली, "ह्यो अक्रोड कोनी सांगितलाय?" मला राग आला होता, पण दिसायला मी तसाच आहे हे कबूल करतो.

मला घडवायला सांगितलं होतं रोह्याच्या गुरांच्या डॉक्टर निशिगंधा यांनी. कोलाडच्या अनीसाची दीड वर्षाची पारडी चांदणी एकाएकी उजवीकडे गोल गोल फिरायला लागली होती. चारा समोर दिसायचा, पण तिथवर सरळ जाता येईना. हाडं वर आली.

डॉक्टरांनी तिला टेम्पोतून मुंबईला नेलं आणि भूल देऊन डोक्याचा सीटी स्कॅन केला. मेंदूत उजवीकडे पाण्याची गाठ निघाली. काढली तर चांदणी जगणार, नाहीतर नाही. पण कवटी जाड, मेंदू खोल, आणि पुस्तकातल्या चित्रांवरून नेमकी जागा कळेना.

"फोटो सपाट आहेत. मला हातात धरता येईल असा मेंदू हवा, खऱ्या मापाचा," असं म्हणत त्या स्कॅनचे कागद घेऊन जोह्याला आल्या.

पोपटने कागद भिंतीला लावले, एकेक फोटो मोजला आणि चार दिवसांत मला घडवलं. शेवटी ओल्या ब्रशने माझं अंग साफ करायला घेतलं आणि तिथेच घोळ झाला. तीस वर्षं गणपतीचे दोन्ही गाल सारखे करणारा हात तो. उजवी बाजू फुगीर लागताच त्याने अंगठ्याने ती दाबून बसवली. मी सुबक झालो. मलाही बरं वाटलं, खोटं कशाला सांगू.

ऑपरेशनच्या आदल्या दिवशी डॉक्टर आल्या, सोबत अनीसा. मला स्कॅनशेजारी धरलं आणि डॉक्टरांचा चेहरा उतरला.

"पोपटदादा, गाठ कुठाय?"

"व्हती मॅडम. मला वाटलं माझाच हात चुकला, म्हनून सारखी केली."

अनीसा हळूच म्हणाली, "दादा, माझी चांदनी सारखी नाय, म्हनून तर आम्ही इथं आलोय."

पोपट खाली मान घालून उठला. मी अजून ओला होतो म्हणून निभावलं. डॉक्टर माप सांगत गेल्या, तो माती लावत गेला. ब्रशला त्याने हातही लावला नाही.

दुसऱ्या दिवशी दवाखान्यात मी टेबलाशेजारी स्टुलावर होतो. डॉक्टर एकदा मला चाचपत, एकदा चांदणीचं कपाळ. मला फार भीती वाटत होती. पोपटचा अंगठा पुन्हा चुकला असेल तर? पण गाठ मी दाखवली तिथेच सापडली आणि निघाली.

पाचव्या दिवशी अनीसा दवाखान्याच्या अंगणात गवताची पेंढी घेऊन लांब उभी राहिली. मी खिडकीत होतो.

"ये गो चांदनी."

चांदणीने मान उजवीकडे वळवली. तिने पाठीवरची माशी हाकलली, मान सरळ केली आणि नाकासमोर चालत येऊन पेंढीत तोंड घातलं. अनीसा रडली. डॉक्टर चष्मा पुसायला आत आल्या.

आता मी दवाखान्याच्या कपाटात असतो. शिकायला येणारी मुलं मला हाताळतात, मला ते आवडतं. पोपटही अधूनमधून येतो आणि माझ्याकडे बघताना त्याचा अंगठा शिवशिवतो. त्याला तेवढं आवरा. माझी उजवी बाजू फुगलेलीच राहू द्या. तिकडे कोलाडला चांदणी सरळ चालतेय.