गेणभाऊंचा फॉरेनचा पोरगा

आमच्या शाळेच्या पाटीवर ‘इंटरनॅशनल’ हा शब्द दोन हजार दोन साली आला. त्याआधी तिथं मंगल कार्यालय होतं, ओतूरच्या अलीकडं, रस्त्याला लागून. लग्नाचा धंदा बसला तेव्हा गेणभाऊंनी वधूपक्षाच्या खोलीत मुख्याध्यापक बसवला, वरपक्षाच्या खोलीत ऑफिस केलं, वरच्या मजल्यावर लोखंडी खाटा टाकल्या आणि स्वतःला चेअरमन म्हणवून घ्यायला लागले. मी लग्नातही तिथं आचारी होतो, शाळेतही आचारीच राहिलो. भांडीसुद्धा तीच होती. मी त्यांना शेवटपर्यंत गेणभाऊच म्हणालो. ते त्यांना आवडायचं नाही.

पाटी लावून दोन वर्षं झाली तरी शाळेत इंटरनॅशनल असं काही नव्हतं. मुलं जुन्नर, आंबेगाव, फार तर कल्याणची. मग दोन हजार चारच्या जूनमध्ये यशविन सोमाजी आला. मॉरिशसचा, पंधरा वर्षांचा, नववीत. त्याचे खापरपणजोबा कोकणातून तिकडं उसाच्या मळ्यावर गेलेले. घरात देवापुढं अजून मराठी आरती म्हणतात. नातवानं आपल्या मुलखात शिकावं असा त्याच्या आजीचा हट्ट होता. बापानं शाळेचं माहितीपत्रक कुठूनतरी मिळवलं होतं. त्यात घोडेस्वारीचा फोटो होता. तो घोडा वरातीतला होता.

गेणभाऊ त्याला आणायला स्वतः मुंबईला गेले, हार घेऊन. आले ते तोंड पाडून. पोरगा सावळा, केस सरळ, आमच्या बहिरू मेंढपाळाचा धाकटा म्हणून सहज खपला असता. “फॉरेनचा म्हणून हार घातला राव, आन ह्यो बघ कसला निघाला,” असं ते क्लार्कला म्हणाले.

मग त्यांनी तोडगा काढला. पालक आले की यशविनला टाय लावून पुढं उभा करायचा आणि फ्रेंच बोलायला लावायचं. त्यांच्यासमोर मराठी बोलायचं नाही अशी ताकीद. पोरगा एक ते वीस आकडे फ्रेंचमध्ये म्हणून दाखवायचा आणि लोक टाळ्या वाजवायचे. नारायणगावच्या एका व्यापाऱ्यानं तर ते आकडे डोळे मिटून ऐकले, कीर्तन ऐकतात तसे.

एरवी त्याला कोणी विचारत नव्हतं. पोरं त्याला ‘ए मॉरिशस’ अशी हाक मारायची. पहाटे पाचला गार पाण्याची एक बादली, सहाला प्रार्थना, आठवड्यातले चार दिवस वाटाण्याची आमटी. आईनं दिलेला स्वेटर गणवेशात बसत नाही म्हणून वॉर्डननं पेटीत ठेवायला लावला. डिसेंबरात तो सकाळी स्वयंपाकघरात चुलीपाशी येऊन बसायचा. मी हाकलत नव्हतो. त्याचं मराठी पुस्तकातलं. काका, मी आपणांस साहाय्य करू काय, असं विचारायचा. मी म्हणायचो, लसूण सोल.

माझी बायको तानूबाई त्याच चुलीवर भाकऱ्या करायची. आदल्या वर्षी ती वारली. नारायणगावच्या दवाखान्यात होती. ती मला बोलावतेय, लवकर या, असा निरोप ऑफिसात दुपारी बाराला आला. त्या दिवशी पालकांचं जेवण होतं. पंगती उठेपर्यंत गेणभाऊंनी निरोप दाबून ठेवला. मी तीनशे माणसांना जिलेबी-मठ्ठा वाढला. ती तीनला गेली. मला साडेचारला सांगितलं, तेही ‘जरा सिरीयस आहे, चला’ एवढंच. आमच्याकडं मरणाची बातमी तोंडावर सांगत नाहीत. सिरीयस आहे म्हणतात, गाडीत बसवतात, माणूस समजायचं ते समजतो आणि घरी पोचून रडतो. त्या रीतीबद्दल माझी तक्रार नाही. बारा ते साडेचार, त्याबद्दल आहे. तरी मी तिथली नोकरी सोडली नाही. माझ्या गावी, महाळुंग्याच्या घरी एकट्यापुरतं शिजवायचं मनात येत नव्हतं.

जानेवारीत शाळेचं संमेलन ठरलं, रविवारी. मुंबईचे कोणी मोठे पाहुणे येणार होते. त्यांचं स्वागत ‘आमचा परदेशी विद्यार्थी’ करणार असं पत्रिकेत छापलेलं होतं.

गुरुवारी दुपारी क्लार्क सावळाराम जेवायला आला. त्यानं ताट तसंच बाजूला सारलं. मी विचारल्यावर त्यानं सांगितलं. काल संध्याकाळी मॉरिशसहून फोन आला होता. यशविनची आई वारली. बापाचं म्हणणं, आज रात्रीच्या विमानाचं तिकीट मुंबईच्या विमानतळावर ठेवलं आहे, पोराला बसवून द्या, शुक्रवारी दुपारपर्यंत आम्ही थांबतो, त्यापुढं थांबता येणार नाही. गेणभाऊ फोनवर हो हो म्हणाले. मग पुन्हा फोन लागू नये म्हणून रिसीव्हर काढून बाजूला ठेवला आणि कपाटाची किल्ली सावळारामकडं देऊन म्हणाले, पासपोर्ट हलवायचा नाही. कळलं तर पोर रविवारी उभं राहील का? आपल्यात कुठं लगेच सांगतात? सोमवारी सांगू. एवढं बोलून ते पत्रिका वाटायला जुन्नरला गेले होते.

मी हात धुतले. यशविन मैदानावर होता. पाहुण्यांना हार कसा घालायचा त्याची तालीम चालली होती. मी त्याला बाजूला घेतलं.

“तुझी आई सिरीयस हाय. आजच निघायचं.”

आमच्याकडचं दहा वर्षांचं पोर हे ऐकून खाली बसलं असतं. यशविननं विचारलं, कोणत्या दवाखान्यात आहे? तिथले डॉक्टर चांगले आहेत, मागंही तिला त्यांनीच बरं केलं होतं. मग थोडा विचार करून म्हणाला, मी सोमवारी निघतो काका. पाहुण्यांबरोबरचा फोटो तिला दाखवायचा आहे. तो बघून तिला बरं वाटेल.

माझी चूक मला तेव्हा कळली. गेणभाऊ जे करत होते तेच मीही केलं होतं. मी त्याला पायरीवर बसवलं.

“यशविन, तुझी आई मेली. काल. उद्या दुपारपातूर ते तुझ्यासाठी थांबल्यात.”

असं मी जन्मात कोणाला बोललो नव्हतो. मग त्यानं विचारलं, “चेअरमन सरांना ठाऊक आहे?”

“कालपासून.”

त्यानं गळ्यातला टाय काढला आणि उठला.

सावळाराम आधी किल्ली देईना. मी म्हणालो, मग रात्रीचं जेवण तूच रांध, अडीचशे ताटं आहेत. तेव्हा त्यानं किल्ली दिली. पण कपाट उघडल्यावर म्हणाला, कडी तेवढी मोडा पावणं, म्हणजे माझं नाव यायचं नाही. मी मोठ्या उलथण्यानं कडी मोडली आणि पासपोर्ट घेतला. असली माणसं गेणभाऊंना पुरतात. आमटी अर्धी शिजली होती, ती तशीच ठेवून आम्ही ओतूरला जीपनं गेलो आणि तिथून कल्याणची एसटी धरली. माळशेजचा घाट उतरेपर्यंत तो पासपोर्ट हातात धरून बसला होता. मुरबाडला पाणी प्याला. विमानतळावर त्याच्या नावाचं तिकीट होतं. मला आत सोडत नव्हते. तो काचेपलीकडं जाईपर्यंत मी थांबलो.

शुक्रवारी दुपारी मी शाळेत परत आलो. अंगणात ओतूरच्या कापडवाल्याचा सार्थक टाय लावून उभा होता. गोरा आणि घाऱ्या डोळ्यांचा. नाचाचे मास्तर त्याच्याकडून फ्रेंच आकडे घोकून घेत होते. पाचाच्या पुढं दोघांनाही येत नव्हतं.

गेणभाऊ ऑफिसात होते. कपाट फोडलं, पोर पळवलं, पोलिसात देतो, असं बरंच बोलले. मी ऐकून घेतलं.

“तू आचारी हायेस. पोरं पोचवायला तुला कोणी नेमला?”

“कोणी न्हाई.”

“मग उचल पिशवी आन नीघ.”

मी निघणारच होतो. तेवढ्यात फोन वाजला. रिसीव्हर आता जागेवर ठेवलेला होता, लपवण्यासारखं आता काही राहिलं नव्हतं ना. गेणभाऊंनी उचलला, पलीकडं यशविनचा बाप होता, आणि त्यांचा आवाज एकदम मऊ झाला. अहो, आभार कसले, कर्तव्यच आहे आमचं. समजल्याबरोबर आमचा खास माणूस सोबत दिला. शाळा म्हणजे एक कुटुंब. हे सगळं ते माझ्याकडं बघत बोलत होते, डोळ्याची पापणी न हलवता. बारशाला आल्यासारखा चेहरा होता.

मी टेबलाशी गेलो आणि त्यांच्या हातातला रिसीव्हर काढून घेतला. माझा त्यांना पहिल्यांदाच हात लागला असेल. मी म्हणालो, मी शाळेचा आचारी, यशविनला द्या. बापानं त्याच्याकडं फोन दिला.

“बघितलीस का?”

“पाहिली, काका.” यशविन म्हणाला. “हिरवी साडी नेसवली आहे. आजी विचारते, तुमच्या गावी पण अशीच नेसवतात का?”

“हा. सवाष्णीला हिरवीच नेसवत्यात,” मी म्हणालो. तानूबाईला मी नेसवलेली हिरवीच होती.

पलीकडं कोणीतरी त्याला हाक मारली.

“जा,” मी म्हणालो. “खांदा दे.”

गेणभाऊ रिसीव्हरसाठी हात पुढं करून उभे होते. त्यांना अजून काही बोलायचं होतं. मी रिसीव्हर जागेवर ठेवून दिला.