कड्याला मोहोळ न्हाई

खोटं बोलायला महिपतीला फार वेळ लागला नव्हता. तंबाखू मळायला लागतो त्याहून कमीच.

कुरवंड्याच्या वरच्या अंगाला त्याची वाडी. तिथल्या पठारावर तळेगावच्या एका कंपनीनं ड्रोन उडवून बघायचं ठरवलं. ड्रोन कड्यावरून आपलं आपण खाली उतरणार, घाटाखालच्या वस्त्यांना औषधं टाकून परत येणार. जमलं तर पठारावर कायमचं केंद्र होणार होतं. दुरुस्तीची शेड, बॅटऱ्या भरायची जागा, पोरापोरींना शिकवणी. लोणावळ्याच्या पर्यटकांपुढं भजी तळण्यापलीकडंही आपल्या पोरांना काम मिळेल, असं गावाला पहिल्यांदाच वाटू लागलं होतं. महिपतीची नात कोमल ड्रोन चालवायला शिकून कंपनीत तात्पुरती लागली होती. केंद्र इथं झालं की ती कायम होणार होती.

ऐन उमेदीत महिपती दोर लावून याच कड्यावरचा मध काढायचा. म्हणून कंपनीच्या रेणुका मॅडमनी त्यालाच विचारलं, "आबा, कड्याला मोहोळ वगैरे आहे का? असेल तर जागा बदलू. सोमाटण्याकडची एक टेकडी बघून ठेवलीय."

मोहोळ होतं. कड्याच्या पोटात, वरून दिसायचं नाही अशा जागी, सुपाएवढं, काळंभोर. आग्यामोहोळ. परवाच कड्याखाली गुरं वळताना त्यानं ते पाहिलं होतं.

"न्हाई," तो म्हणाला. "पूर्वी बसायचं. आता न्हाई बसत हितं."

मॅडमनी मान हलवली आणि कोमलकडं बघून हसल्या. महिपतीलाही बरं वाटलं.

पहिल्या दिवशी कोमलनं बटण दाबलं. ड्रोन कड्याच्या धारेवरून खाली गेला आणि औषधाची डबी टाकून परत आला. टाळ्या पडल्या. महिपती कौतुकानं जवळ गेला, तर पंख्याच्या दांडीला दोन-तीन माश्या चिरडून चिकटलेल्या. त्यानं उपरण्याच्या टोकानं त्या पुसल्या आणि ते टोक मुठीत धरलं. तेवढ्यात कड्याखालून ओरडा ऐकू आला.

खाली गावातली येसूबाई सरपण गोळा करत होती. माश्यांनी तिला बाभळीच्या शेंड्यागत काट्यांनी भरून टाकलं होतं. पोरांनी घोंगडीची झोळी करून तिला वर आणलं आणि लोणावळ्याच्या दवाखान्यात नेलं. झोळीला महिपतीनंही खांदा दिला.

संध्याकाळी शाळेच्या ओट्यावर गाव जमलं. मोहोळ उठलं कशानं? किराणा दुकानवाल्या माऊलीनं निकाल देऊन टाकला, "दुसरं काय असनार? प्रज्ञेशच्या पर्यटकांच्या शेकोट्या. धूर लागला का माशी उठतीच."

प्रज्ञेश येसूबाईचाच मुलगा. पठाराच्या टोकाला तंबू लावून पर्यटकांना ठेवायचा. दवाखान्यातून नुकताच आलेला, तसाच उभा राहून म्हणाला, "माझे तंबू कालपासून रिकामे आहेत. कोणी शेकोटी पेटवली?"

"आदी पेटवली आसंल."

"आईच्या जिवावर उठला आन् वर तोंड करून बोलतोय," कुणीतरी मागून टोमणा मारला. चार-दोन जण हसले.

प्रज्ञेश बौद्धवस्तीतला. त्याच्या बाजूनं बोलायला ओट्यावर कुणी नव्हतं. एकाला बोलता आलं असतं, पण तो खाली बघून तंबाखू मळत राहिला. तंबू बंद झाले. मोहोळ खालच्या रानात कुठंतरी होतं, धुरानं उठून गेलं, आता केंद्राच्या कामावरही प्रज्ञेशला घेऊ नका, असं गावानं मॅडमना कळवलं.

त्यानंतर महिपतीला घास गोड लागेना. कोमल ताटात वाढायची, कायम झाल्यावर काय काय करायचं ते बोलायची, आणि तो 'हूं' म्हणायचा. येसूबाई घरी आल्याचं कळलं, तेव्हा दुसऱ्या दिवशी पुण्याहून मोठी माणसं ड्रोन बघायला यायची होती. वाट तीच ठरली होती, कड्याच्या पोटावरून.

तो तिच्या दारात जाऊन बसला. एक डोळा अजून मिटलेलाच होता तिचा. सूप घेऊन तांदूळ निवडत होती.

"कसं काय, येसूबाई?"

"जित्ती हाय. सून म्हनली आरसा बघू नका. मग बघितलाच. भोपळ्यानं पदर घेतल्यागत दिसतीया."

महिपतीला हसू आलं नाही. "मोहोळ मला ठावं व्हतं," तो म्हणाला. "मॅडमला न्हाई म्हनून सांगितलं म्या."

तिचे हात चालूच राहिले. "तुमची मशीन त्याच्या तोंडाशी गेली, ती म्या बघितली."

"मंग बोलली का न्हाईस?"

"कुनाला? माज्या पोराचं ऐकलं का कुनी?" तिनं सूप खाली ठेवलं. "आबा, माज्याजवळ सांगून मोकळं व्हायला आलाय तुमी. म्या न्हाई मोकळं करनार. जितं गप बसला, तितं बोला."

"कोमलचं काम जाईल."

"माज्या पोराचं गेलंच की."

सकाळी पठारावर मांडव, गाड्या, चहाचे कप. मॅडमनी कोमलला खूण केली. तिचा अंगठा बटणावर गेला.

"थांब," महिपती म्हणाला. आवाज चिरका निघाला, म्हणून त्यानं पुन्हा म्हटलं. "थांब. कड्याच्या पोटात मोहोळ हाय. पैल्यापास्नं हाय. मला ठावं व्हतं. शेकोटीनं न्हाई उठलं, ह्या मशीननं उठलं."

"आबा, ऊन लागलंय तुमाला. सावलीत बसा," माऊली म्हणाला.

मॅडमनी ड्रोनची बॅटरी काढायला सांगितली. पाहुण्यांनी चहा संपवला. गाडीत बसता बसता एकानं सोमाटण्याच्या टेकडीला जायची वाट विचारली. प्रज्ञेशचं नाव कुणीच काढलं नाही.

काम जाणार, कोमल रडणार, आठ दिवस बोलणार नाही, हे सगळं महिपतीनं रात्रभर मनात धरलं होतं. ती रडली नाही.

"आबा, बटण मी दाबलं होतं," ती म्हणाली.

"मशीन आपली आपन जाती. तुजा काय दोष?"

"तुला ठाऊक होतं, आणि तू माझ्या हातानं दाबू दिलंस."

ती बौद्धवस्तीकडं चालू लागली. महिपती मागं निघाला.

"तू नको येऊ," मागं न बघता ती म्हणाली.

तो तिथंच थांबला. खाली येसूबाईचं दार दिसत होतं. कोमल अंगणात उभी राहून काहीतरी सांगत होती, ते इतक्या लांबून ऐकू येत नव्हतं. येसूबाई बाहेर आली. तिनं पोरीला आत बोलावलं नाही, घालवूनही दिलं नाही. दोघी भर उन्हात समोरासमोर उभ्या राहिल्या, आणि महिपतीला तिकडं जाता येईना आणि घराकडंही वळता येईना.