कमळजेची ओटी

अंबूबाईंनी चप्पल हातात घेतली आणि उजव्या अंगठ्यानं पुढची पायरी चाचपली. ती होती. त्यापुढची नव्हती, किंवा असली तरी दिसत नव्हती. झाडीच्या सावलीत सगळा उतार एकच काळा होऊन बसला होता.

"समता, तू हो पुढं," त्या म्हणाल्या. "सासूच्या मागून काय लपून चालतं?"

सून पुढं झाली. तिची साडी पिवळी होती, तेवढं बरं. त्या पिवळ्या डागामागं अंबूबाई उतरू लागल्या.

लग्नानंतर घरातल्या थोरल्या बाईनं सुनेला लोणारला आणून, कमळजादेवीपुढं स्वतःच्या हातानं तिची ओटी भरायची, हा घरचा रिवाज. दोन वर्षं त्या गुडघ्यांचं निमित्त सांगत आल्या. या खेपेला सागर पुण्याहून गाडी घेऊनच आला. गोमुखाची धार, दैत्यसूदनाच्या देवळावरचं कोरीवकाम, सारं त्यानं कौतुकानं आईला दाखवलं. अंबूबाईंनी एकेका मूर्तीला नावं ठेवली. नावं ठेवणाऱ्या माणसाला दिसतच नसेल, असं कोणाच्या मनात येत नाही.

काचबिंदू. गेलेली नजर आता परत यायची नाही, असं बुलढाण्याच्या डॉक्टरनं सांगितलं तेव्हा त्या एकट्याच होत्या. घरी चिखलीच्या बाजाराचं सांगून गेल्या होत्या. सागरला कळलं तर धाड गावातल्या घराला कुलूप लागणार, वांग्याचा मळा बटाईनं दुसऱ्याकडं जाणार, आणि त्या पुण्यात तिसऱ्या मजल्यावर, कोणी हात धरून न्हाणीत नेईल म्हणून वाट पाहत बसणार. दिवाळीत तो तसं बोललाही होता, हसत हसत.

झाडीत काहीतरी खसकन हललं. त्या जागीच थिजल्या. वानर आहे, सागर म्हणाला. मग त्यांनी वानराच्या सात पिढ्या काढल्या, आवाज कापू न देता.

झाडी संपली. अंगावर ऊन आलं, नाकात खारट कुजका वास शिरला. तळ्याचा काठ असणार. समोर नुसता धूसर उजेड होता.

"माय, पाणी पाह्य ना. कसं दिसून राह्यलं?"

सहज विचारलं, की मुद्दाम? तळ्याचं पाणी गुलाबी झालं त्या साली धाडमध्ये ज्याच्या त्याच्या मोबाईलवर तेच होतं, हे त्यांना आठवलं.

"कसं म्हणजे? गुलाबी," त्या म्हणाल्या. "लोकायनं उगाच गवगवा केला. लय फिकं हाये."

सागरनं पुन्हा तळ्याकडं पाहिलं. तो रंग त्या सालापुरताच होता. आता पाणी हिरवंगार होतं, या काठापासून त्या काठापर्यंत.

"गुलाबी?" त्यानं हळूच विचारलं.

अंबूबाई हातातली चप्पल खाली टाकून पायात घालू लागल्या.

"इकडून दिसतंय गुलाबी," समता म्हणाली. "ऊन पडलंय ना. तू पुढं जाऊन देऊळ उघडं आहे का बघ."

त्याची पावलं लांब गेली. समता अगदी जवळ आली. तिनं आपल्याजवळचं ओटीचं ताट सासूच्या दोन्ही हातांत नीट बसवलं आणि खालून आपलाही हात तसाच राहू दिला.

"घरी गेल्यावर बोलू आपण," ती म्हणाली. "दोघीच."

काय बोलणार होती ही? दोन वर्षांत अंबूबाईंनी या पोरीला शेवटचा शब्द कधी बोलू दिला नव्हता. ताटातला नारळ एका बाजूला घरंगळला.

"हाव," मान डोलावत त्या म्हणाल्या.